पोपो, आता भाजीला पाणी सुटत नाही

प्रिय पोपो, माझ्या शेजारच्या आजी,

शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र मराठीत लिहितेय, कारण मनापासून आभार मानायचे तर मला हीच भाषा जवळची. तुमची नात माझ्याकडून इंग्रजीत समजून घेईल आणि तुम्हाला कँटोनीजमध्ये सांगेल. चीनमध्ये ग्वांगझूला समोरासमोरच्या दारांत राहत होतो तेव्हाही आपलं बोलणं असंच चालायचं, निम्मं तिच्या तोंडून आणि निम्मं हातवाऱ्यांनी.

काईलानचा तो दिवस आठवतो? कोबीच्याच कुळातली ती जाड दांड्यांची पालेभाजी. खालच्या हॉटेलात हिरवीगार, चकचकीत मिळायची, दांडा दाताखाली कुरकुरायचा. माझ्या वोकमध्ये, म्हणजे चिनी कढईत, मात्र तिचा काळपट लगदा व्हायचा आणि ताटलीच्या तळाशी पाणी साचायचं. तुम्ही उघड्या दारातून आत आलात आणि काही न बोलता वोकवरचं झाकण उचलून ओट्यावर ठेवलंत. खरं सांगते, मला जरा लागलं. झाकण ठेवून एक वाफ आणायची, हे माझ्या आईने शिकवलेलं. मेथीला, कोबीला ते बरोबरच आहे. इथे नव्हतं.

मग तुम्ही सगळं पहिल्यापासून करून दाखवलंत. पातेलंभर पाणी खळखळून उकळलं, त्यात मीठ आणि चमचाभर तेल. आधी दांडे घातलेत, अर्ध्या मिनिटाने पानं, आणि हिरवा रंग खुलताच सगळं बाहेर. चाळणीत निथळलं, तरी तुमचं समाधान होईना. स्वच्छ पंच्यात गुंडाळून टिपून घेतलंत. तेवढ्यात रिकामा वोक धुरावला होता, त्यात तेल, आल्याचे काप आणि निम्मीच भाजी. मी उरलेलीही वोकमध्ये घालायला गेले तर तुम्ही माझा हात धरलात.

त्या हात धरण्यातच सगळं होतं, पोपो. वोकमध्ये पाणी आहे तोवर आतली आच १०० अंशांच्या फारशी वर जात नाही, भाजी परतली न जाता उकडते. हॉटेलच्या शेगडीची आच घरच्या गॅसच्या कितीतरी पट, तिथे पाणी सुटताक्षणी उडून जातं. घरी तेवढी आच नाही, म्हणून पाणी आधीच काढून टाकायचं आणि वोकमध्ये गर्दी करायची नाही. इतकी वर्षं मी सॉसच्या बाटल्या बदलत होते!

शेवटी वोकच्या कडेने तांदळाच्या वाइनची धार सोडलीत, चर्र झालं, वास घरभर पसरला. मीठ, कडवटपणा मारायला चिमूटभर साखर, दोन चमचे पाण्यात कालवलेलं थोडं कॉर्नफ्लॉवर. पुरतं एक मिनिटही लागलं नसेल. ‘वोक हेई’, म्हणजे वोकचा श्वास, घरच्या गॅसवर पुरता येत नाही, हेही तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत. मला तो बराचसा आल्यासारखा वाटला.

आणि तो वोक! नवा कोरा पातळ पोलादी वोक निळा पडेपर्यंत तापवून, तेल लावून लसणाच्या पातीच्या जुडीने घासत बसला होतात. बोटं भाजली असतील तुमची. तो मी पुण्याला सोबत आणला. आमच्या गॅसच्या शेगडीवर त्याचं गोल बूड कढईसारखंच नीट बसतं. आई आता त्याला हात लावण्याआधी विचारते.

काईलान इथे सहज मिळत नाही. पण परवा भाजीवाल्या मावशींकडे नाळीची भाजी दिसली, तुमच्याकडे आंबवलेल्या टोफूत परततात तीच. तुम्ही बांधून दिलेल्या बाटलीतल्या शेवटच्या दोन वड्या काढल्या. भाजी कोरडी केली, दोन खेपांत परतली, झाकणाला हात लावला नाही. आईने ताटली तिरकी करून बघितली. तळाला पाण्याचा थेंब नव्हता.

तुमची,
समोरच्या दारातली