वटपौर्णिमेच्या उधाणाचं पत्र

डोव्हर, डेलावेअर
वटपौर्णिमा

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, बातम्यांत पाणी पाहिलंस ते समुद्रकाठच्या गावांतलं. मी आत, डोव्हरला राहते. माझ्या घरात एकदाही पाणी शिरलेलं नाही. राज्य सखल आहे हे खरं, अख्ख्या अमेरिकेत सर्वांत सखल. सरासरी उंची ६० फूट, आणि उत्तरेच्या टोकाची सर्वांत उंच जागा ४४८ फूट. आपला कनकेश्वराचा डोंगर याहून उंच! म्हणून काय रोज बुडतं असं नाही.

जवळच खाजणाचं मोठं अभयारण्य आहे, नाव ‘बॉम्बे हुक’. आपल्या मुंबईशी संबंध नाही; जुन्या डच नावाचा तो अपभ्रंश, अर्थ ठेंगण्या झाडांचं टोक. खारफुटी नाही, नुसतं गवत. पण ओहोटीला चिखलाचा वास येतो तो थेट आपल्या खाजणाचा.

आता इथली एक रीत सांगते. मे-जूनच्या पुनवेला नि अवसेला, रात्रीच्या भरतीला लोक बॅटऱ्या घेऊन किनाऱ्यावर जातात. पकडायला नव्हे, उलटे पडलेले ‘हॉर्सशू क्रॅब’ सुलटे करायला! नाव खेकड्याचं, पण जात विंचू-कोळ्यांच्या जवळची. रक्त निळं, लशी शुद्ध आहेत का ते त्यावर तपासतात. अंडी घालायला हजारोंनी वाळूत येतात, लाटेने उलटतात, नि तसेच राहिले तर सकाळच्या उन्हात मरतात. शेपटीला धरायचं नाही, इजा होते. दोन्ही हातांनी कवचाच्या कडा धरून हळूच फिरवायचं. त्यांची अंडी खाऊन पक्षी पार आर्क्टिकपर्यंत जातात.

काल रात्री मीही गेले. (एकटी नाही, ऑफिसातल्या दोघी होत्या.) कवच पालथ्या तव्यासारखं, पाय हवेत चालत होते. सुलटं केलं तसं सावकाश पाण्याकडे निघालं. तेव्हा तुमच्याकडे सकाळ, तू वडाला सूत गुंडाळत असशील.

इथल्या ल्यूईस बंदरात १९१९ पासून भरतीची नोंद ठेवतात. तेव्हापासून पाणी फुटाहून जास्त चढलंय. समुद्र वर येतोय, जमीनही खचतेय. खाऱ्या पाण्याने काठचं रान उभ्या उभ्या वाळलंय. ते पांढरे बुंधे दिसले की आपली खाचरं आठवतात.

बाबा, आपला खारबांध फुटून खांड गेली हे मला दादाकडून का कळावं? ५० हजार पाठवलेत. आधी बांधातल्या पाणी सोडायच्या उघाडीचं दार बसवून घ्या.

धाकटीच्या साखरपुड्याला येणं जमत नाही, व्हिसाचं काम अडकलंय. लग्नाला मार्गशीर्षात नक्की येते, तिकिटाचे पैसे बाजूला काढलेत. तिचा हार माझ्याकडून, कर्ज काढू नका. मोठीच्या आधी धाकटीचं म्हणून लोक बोलतात, आणि ते तुला ऐकावं लागतं, आई. मला कळतं ते. माझ्या स्थळाचं आल्यावर बोलू, या वेळी टाळणार नाही.

येत्या अवसेच्या उधाणाला बाबांना रात्री एकट्याला बांधावर जाऊ देऊ नकोस. दादाला सोबत पाठव.

तुमची,
मोठी