तिला दोन्ही करू द्या

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय निघाला की दोन्हीकडून आवाज चढतात आणि मुद्द्याचं राहूनच जातं, म्हणून लिहायला बसले. बाबा, तुमचं म्हणणं एवढंच, की दोन दगडांवर पाय ठेवू नये, माझ्या मुलीने पोहणं सोडावं आणि पदवीकडे लक्ष द्यावं. आई, तुला वाटतं पोरीची ओढाताण होते आणि आम्ही बघत बसतो. ओढाताण होते, हे खरंच आहे. पण ती नेमकी कुठे होते हे कळायला मलाही वेळ लागला, ते आधी सांगते.

पहाटे साडेपाचला तुमची नात पाण्यात असते. साडेआठला पहिलं लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, मग जिम, संध्याकाळी पुन्हा पूल. कागदावर मांडलं तर अभ्यासाला अडीच-तीन तास सहज निघतात. अडतं ते पुढे. संध्याकाळची प्रॅक्टिस झाली की तिचे डोळे ओळींवरून फिरतात, डोक्यात काही शिरत नाही. तेच पान तीनदा वाचून होतं. हातात वेळ असतो, पण अंगात त्राण नसतं. त्यामुळे 'वेळापत्रक नीट लाव' हा सल्ला तिच्या कामाचा नाही, वेळापत्रक तिचं चोख आहे. सांभाळायची असते ती दमणूक.

म्हणून अवघड विषय तिने सकाळी घेतलाय, पूल आणि लेक्चर यांच्या मधल्या तासाभरात. संध्याकाळी फक्त जर्नल उतरवणं, आकृत्या काढणं असली हातची कामं. शिवाय तिची कार्डं आहेत. सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या अभिक्रिया तिने छोट्या कार्डांवर लिहिल्यात, पुढे प्रश्न, मागे उत्तर. झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून ती स्पर्धेला नेते. तरी कोपरे ओलसर होऊन फुगलेत आणि एकदोन ठिकाणी शाई पसरलीय. सकाळची हीट, म्हणजे प्राथमिक फेरी, झाली की संध्याकाळच्या फायनलपर्यंत नुसती वाट बघायची असते, तेव्हा टॉवेल गुंडाळून ती कोपऱ्यात कार्डं उलटत बसते. थोडं थोडं, मध्ये दिवस जाऊ देऊन केलेलं पाठांतर एका बैठकीत रेटलेल्या पाठांतरापेक्षा जास्त टिकतं, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं. खेळाडू मुलांच्या हाती वेळाचे तुकडेच येतात, त्यामुळे ही पद्धत त्यांना फार सोयीची.

झोपेचं जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या घरी रात्री जागून अभ्यास करणारा तो हुशार, असं मानत आलो आपण. स्टॅनफर्ड विद्यापीठात बास्केटबॉल खेळणाऱ्या विद्यार्थ्यांवर एक अभ्यास झाला, तो 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना काही आठवडे रात्री निदान 10 तास अंथरुणात राहायला सांगितलं. त्यांचा धावण्याचा वेग वाढला आणि नेमबाजी, म्हणजे बास्केटमध्ये चेंडू टाकण्याची अचूकता, साधारण 9 टक्क्यांनी सुधारली. मुलं मोजकीच होती, पण माझा तरी त्यावर विश्वास बसला, कारण घरात तेच दिसतं. दिवसभरात शिकलेलं डोक्यात पक्कं होतं तेही झोपेतच, मग ते पाण्यातलं वळण असो की रसायनाचं सूत्र. रात्रीचे दोन तास कापून अभ्यासाला दिले तर खेळ आणि अभ्यास दोन्हींचं नुकसान. म्हणून साडेनऊला दिवा बंद, परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा.

परीक्षेचे आठवडे मात्र खरंच जोखमीचे असतात. अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या फुटबॉल संघाचा अभ्यास 2016 मध्ये आला होता. परीक्षांच्या आठवड्यांत त्या मुलांना दुखापती जास्त होत होत्या. मनावर ताण असला की शरीर सावरायलाही वेळ घेतं. हे वाचून मी तिच्या कोचशी बोलले. त्यांनी सांगितलं, मोठ्या स्पर्धेआधी दोनेक आठवडे आम्ही अंतर जवळपास निम्म्यावर आणतो आणि वेग तसाच ठेवतो, त्याला टेपर म्हणतात; परीक्षेच्या वेळीही तसंच करू. आता परीक्षा जवळ आली की ती रोज कमी पोहते, पण पोहणं पूर्ण बंद करत नाही. बंद केलं की ती चिडचिडी होते आणि अभ्यासही होत नाही, हे तुम्हीही पाहिलंय.

सेमिस्टर सुरू होताच सगळ्या प्राध्यापकांना ती स्पर्धांच्या तारखा लेखी देते. बहुतेक जण प्रॅक्टिकलची बॅच बदलून देतात. एका बाईंनी परीक्षेची तारीख बदलायला नकार दिला. नियमाने त्यांचं बरोबरच होतं. तिने ती स्पर्धा सोडली. त्या संध्याकाळी ती खूप रडली आणि दुसऱ्या दिवशी पेपर देऊन आली. काहीच सोडावं लागत नाही असं मी म्हणत नाही, बाबा. काय सोडायचं ते ती स्वतः ठरवायला शिकली आहे, एवढंच म्हणते.

मर्यादा मोठ्या माणसांनीही घालायला हव्यात. अमेरिकेत कॉलेजच्या खेळांवर देखरेख ठेवणाऱ्या एनसीएएचा नियम आहे, की सीझनमध्ये आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त सक्तीचा सराव नाही, दिवसाला 4 तासांपेक्षा जास्त नाही, आणि एक दिवस सुट्टी. प्रवासाचे तास त्यात धरत नाहीत, ही त्यातली मोठी फट. तरी निदान आकडा कुठेतरी लिहिलेला आहे. तिचे कोचही आठवड्यातली एक सुट्टी कधी मोडत नाहीत, यासाठी मी त्यांना फार मानते.

खेळावर पोट भरणारे फार थोडे, हा तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच पदवी दुय्यम होऊन चालणार नाही. पण दोन्ही करणारी माणसं आहेत. रॉजर बॅनिस्टर 1954 मध्ये चार मिनिटांच्या आत मैल धावणारा पहिला माणूस ठरला, तेव्हा तो डॉक्टरकी शिकत होता. पुढे तो मेंदूविकारतज्ज्ञ झाला. तो काळ वेगळा होता म्हणाल, तर धावपटू गॅबी थॉमस आजची आहे. हार्वर्डमध्ये तिने न्यूरोबायोलॉजी केलं, मग साथरोगशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली आणि 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला 200 मीटरचं सुवर्ण जिंकलं. आपली पोर तिथवर जाईल असं मी म्हणत नाही. मागे तिचा खांदा धरला आणि तिला पाण्याबाहेर बसावं लागलं, तेव्हा तिला अभ्यासाने सावरलं. मार्क कमी आले तेव्हा पोहण्याने. यातलं कुठलंही एक मी कसं काढून घेऊ?

आता कामाचं. फायनल शनिवारी संध्याकाळी आहे आणि पहिला पेपर त्यानंतरच्या बुधवारी. रात्री नऊनंतर तिला फोन करू नका, रविवारी दुपारी करा. आई, मार्कांचं विचारू नकोस, तिच्या बटरफ्लाय स्ट्रोकचं विचार. बाबा, तुम्ही तिला रसायनशास्त्रातलं काहीही विचारा आणि समजलं नाही म्हणा. तुम्हाला समजावून सांगताना तिची उजळणी होते, आणि तिला ते फार आवडतं.

तुमची लेक