दादा, माझ्या मायची गाणी परत मिळाली

प्रिय दादा,

नाव लिहू नका असं तू दोनदा बजावलंस, म्हणून नुसतं दादा म्हणते. धुळ्यात पांझरेपलीकडे तुझ्या दुकानात ज्यांनी कधी बंद पडलेला कॉम्प्युटर नेला असेल, ते ओळखतीलच. मला हे आभार चारचौघांत मानायचे होते. फोनवर मानायला गेले तर "राहू द्या ना माय" म्हणून तू विषयच बदलतोस.

त्या कॉम्प्युटरमध्ये काय होतं ते तुला त्या दिवशी घाईत सांगितलं, आज नीट सांगते. माझ्या मायला अक्षर ओळख नव्हती, पण आखाजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेची, आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीची, जात्यावरची गाणी तिला इतकी पाठ होती की रात्र पुरायची नाही. 2006 साली आमच्या घरात हा कॉम्प्युटर आला. तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. रात्री लाइट आली की मी टायपिंगला बसायचे आणि माय शेजारी भिंतीला टेकून सांगायची. एखादी ओळ आठवली नाही तर हात फिरवून जातं ओढल्यासारखं करायची, की ओळ आपोआप यायची. तीन वर्षांत 212 गाणी झाली. 2010 मध्ये माय गेली. आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणी सोपानदेवांनी आणि घरातल्या माणसांनी कागदावर उतरवली म्हणून आज आपल्या तोंडी आहेत. माझ्या मायचं नाव आमच्या गावाबाहेर कुणाला ठाऊक नाही, पण तिच्या गाण्यांना माझ्याशिवाय दुसरं कोण होतं?

या चैत्रात, आखाजीला गौराईची गाणी छापून भाच्यांना द्यावी म्हणून कॉम्प्युटर चालू केला. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आली. विंडोज सुरू होऊ शकत नाही, सिस्टम-थर्टीटूच्या ड्रायव्हर्स फोल्डरमधली एनटीएफएस डॉट सिस ही फाइल गहाळ किंवा खराब आहे. बंद करून पुन्हा चालू केला, तेच. पाच-सहा वेळा केलं. तसं करायला नको होतं, हे नंतर तुझ्याकडून कळलं.

जवळच्या एका दुकानात दाखवला. त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं, "विंडोज उडाली, फॉरमॅट मारावं लागेल." आतल्या फाइलींचं काय विचारलं, तर जाईल म्हणाले, आणि मशीन जुनं झालंय, नवीन घ्या. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं, एवढं मला कळत होतं. मी कॉम्प्युटर उचलला आणि घरी आले. त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सीपीयू सोलापुरी चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन अमळनेरहून एसटीने धुळ्याला आले. भाचीने तुझा पत्ता दिला होता. मी चालू करून दाखवायला गेले, तर तू माझा हात धरून थांबवलास. "नका माय. आधी गाणी बाहेर काढू, मग मशीन बघू." दादा, मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. कुठलं काम आधी आणि कुठलं मागून, हे ज्याला कळतं तो माणूस मी लगेच ओळखते.

तू स्क्रू काढलेस, ब्लोअरने धूळ उडवलीस, ती रुंद चपटी केबल सोडवून हार्ड डिस्क बाहेर काढलीस आणि एका छोट्या अडॅप्टरवर तुझ्या कॉम्प्युटरला जोडलीस. डिस्क जरा खरखरली. माझा जीव खालीवर. मग तुझ्या पडद्यावर 'माय' नावाचं फोल्डर दिसलं आणि तू वळून म्हणालास, "शे ना माय, समदं शे." आपली अहिराणी मी जन्मभर ऐकली, पण ती इतकी गोड कधी लागली नव्हती. एक फाइल कॉपी होता होता अडकली. तू तिच्यापाशी अडून बसला नाहीस. ती सोडून बाकीच्या सगळ्या घेतल्यास आणि शेवटी पुन्हा तिच्याकडे आलास. तिसऱ्यांदा ती आली.

फाइल उघडली तेव्हा पडद्यावर अर्धी इंग्रजी अक्षरं आणि अर्धी भलतीच चिन्हं. मला रडू आवरेना. तू शांतपणे सांगितलंस की अक्षरं शाबूत आहेत. टायपिंग श्रीलिपीत केलेलं, तो फॉन्ट तुझ्या मशीनवर नाही, म्हणून ती अशी दिसतात. म्हणजे गाणी हातात आली, पण वाचायची तर जुना कॉम्प्युटरच जागा व्हायला हवा होता, कारण ते जुनं मराठी सॉफ्टवेअर फक्त त्याच्यातच होतं. काम इथे संपलं असं तू म्हणू शकला असतास. तसं म्हटलं नाहीस.

ही एवढीशी फाइल नसली तर अख्खा कॉम्प्युटर का अडतो, हे तू मला चहा पिता पिता समजावलंस. डिस्कवर फाइली ज्या पद्धतीने मांडून ठेवलेल्या असतात तिचं नाव एनटीएफएस, आणि ही मांडणी विंडोजला वाचून देणारा ड्रायव्हर म्हणजे ही फाइल. तीच बिघडली तर विंडोजला स्वतःचं घरच उघडता येत नाही. मी विचारलं, ती फाइल नेटवरून मिळणार नाही का? तू म्हणालास, मिळेल, पण कुठल्याही साइटवरची उचलायची नाही, तिच्यासोबत काय येईल सांगता येत नाही. ज्या सीडीवरून विंडोज टाकलं, तिच्यावर ती असते. आमच्या ह्यांनी ती विंडोज एक्सपीची सीडी जुन्या कॅलेंडरच्या पानात गुंडाळून ट्रंकेत ठेवली होती आणि मी ती सोबत आणली होती. पान उलगडताना त्यावर ह्यांच्या हाताने लिहिलेली दुधाची नोंद दिसली. तू तो कागद घडी करून मला परत दिलास. हेही मी विसरणार नाही.

मशीनचं घड्याळ 2002 सालात जाऊन बसलं होतं. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला. तू तो बदललास, बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन आधी सीडीवरून सुरू हो असं सांगितलंस, सीडीचा पडदा आला तेव्हा दुरुस्तीसाठी आर दाबलंस. पासवर्ड विचारला तेव्हा मी घाबरले, मला काही आठवेना. तू नुसतं एंटर दाबलंस आणि दार उघडलं, कधी ठेवलाच नव्हता. मग सीडीवरच्या आय-थ्री-एटी-सिक्स फोल्डरमधून ती फाइल डिस्कवर उतरवलीस. सीडीवरच्या बऱ्याच फाइली दाबून बसवलेल्या असतात, म्हणून त्यांच्या नावाचं शेवटचं अक्षर जाऊन तिथे खालची रेघ असते. ही मात्र पूर्ण नावाने, मोकळीच असते, नुसती उतरवायची. हे तू मला बोट ठेवून दाखवलंस. त्यानंतर डिस्कची तपासणी लावलीस, ती कितीतरी वेळ चालली. काही जागा खराब निघाल्या. लाइट अचानक जाऊन मशीन धाडकन बंद पडतं, वर यूपीएसची बॅटरी मेलेली, त्यामुळे झालं असावं, असं तू म्हणालास.

आणि मग ती हिरवी टेकडी आली, तिच्यावरचं निळं आभाळ. मी हात जोडले.

तू सांगितलंस ते सगळं पाळते आहे. हा कॉम्प्युटर नेटला लावत नाही, कारण एक्सपीची देखभाल कंपनीने 8 एप्रिल 2014 लाच थांबवली. गाण्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर, एक भाचीकडे. रोज पाच-सहा गाणी युनिकोडमध्ये घेते, म्हणजे उद्या कुठल्याही मोबाइलवर वाचता येतील. 140 झाली.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसले ते. श्रीलिपी उघडतेय का बघायला तू मधलीच एक फाइल उघडलीस. गौराईला झोक्यावर बसवतानाचं गाणं. त्याच्या शेवटी मी टिंबं दिली होती, कारण पुढच्या ओळी मायलाही आठवल्या नव्हत्या. तू दोन ओळी मनात वाचल्यास, फोन उचललास आणि तुझ्या आजीला लावलास. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, तरी स्पीकरवर त्यांनी पूर्ण गाणं म्हटलं. आवाज थरथरत होता, चाल मात्र माझ्या मायचीच. मी बिलाच्या मागच्या बाजूला तीन ओळी उतरवून घेतल्या.

त्याच रात्री टिंबं काढून त्या ओळी टाइप केल्या. पण दुसऱ्या ओळीत एक शब्द मला नीट ऐकू आला नाही, 'हिंडोया' की 'हिंदोया'. आखाजीला आजींना घेऊन घरी ये. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस करते. त्यांनी समोर बसून तो शब्द सांगितला की मगच त्या गाण्याची प्रिंट काढणार आहे.

तुझी,
अमळनेर तालुक्यातली मास्तरीण माय