मेलो असतो तर भरपाई होती, सोयाबीन भिजलं त्याची नाही

मा. नितीन गडकरी साहेब,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री

स. न. वि. वि.

मी वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातला शेतकरी. मागच्या दिवाळीआधी आम्ही सात घरांनी मिळून १०० क्विंटल सोयाबीन ट्रकनं नागपूरकडच्या एका तेल प्लांटवर पाठवलं. गाडी वाटेत बिघडली, दोन रात्री उभी राहिली आणि दोन्ही रात्री परतीचा पाऊस. प्लांटच्या काट्यावर ताडपत्री सोडली तेव्हा मी तिथं होतो. केबिनच्या मागं ती हातभर फाटलेली होती, पाणी थेट मधल्या थप्पीत उतरलेलं. एका कट्ट्यात हात घातला तर दाणा गरम, फुगलेला, उबट वासाचा. निम्मी गाडी परत आली.

गाडीमालक म्हणाला, दलालाला विचारा. दलालाकडे एक टेबल, दोन मोबाइल आणि बिल्टीचं, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीचं, पुस्तक. बिल्टीवर बारीक अक्षरात छापलेलं, ‘माल मालकाच्या जोखमीवर’. गाडीच्या विम्याची पॉलिसी मागितली तर ती थर्ड पार्टीची. तिच्यात रस्त्यावरचा माणूस येतो. १९९४ च्या दुरुस्तीपासून गाडीत बसलेला मालाचा मालकही येतो. म्हणजे अपघातात मी मेलो असतो तर घरच्यांना काही मिळालं असतं. माझ्या कट्ट्यांना त्यात जागाच नाही.

साहेब, कायदा नाही असं नाही. २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्यात माल बुक करणारा दलालही येतो, त्याला नोंदणी सक्तीची आहे. पण जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच. आमचं भाडं १२,०००, म्हणजे १,२०,०००. माल, क्विंटलला ४,२०० धरला तरी, ४,२०,००० चा. लांबच्या भाड्याला दहापट पुरतही असेल; जवळच्या भाड्याला शेतकरी बुडतो. जास्त किंमत आधी लिहून देता येते, पण तो फॉर्म आमच्याकडे मी कोणाच्या हातात पाहिला नाही. आणि बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, हे मला सातव्या महिन्यात कळलं.

गाडीमालकावर माझा राग नाही. एकाच गाडीवर त्याचं घर चालतं, बँकेचा हप्ता डोक्यावर. त्याची गाडी विकून माझं सोयाबीन भरून निघावं असं मला वाटत नाही. म्हणूनच विमा हवा आणि दलालाची अनामत हवी. अमेरिकेत माल दलालाला ७५,००० डॉलरची हमी ठेवावी लागते. त्यानं करार मोडला तर गाडीवाला आणि माल पाठवणारा त्यातून वसूल करतात. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९३ मध्ये मालाच्या एजंटाची अनामत जास्तीत जास्त ५०,००० रुपये. वाटेतल्या मालाचा विमा एजंटानं काढावा, ही अट परवान्यात घालायची मुभा त्याच कलमात आहे.

ती मुभा सक्ती करा. अनामतीची मर्यादा आजच्या मालाच्या किमतीला शोभेल एवढी वाढवा. बिल्टीवर दलालाचा नोंदणी क्रमांक आणि मालाच्या पॉलिसीचा क्रमांक ठळक छापलेला असू द्या, ‘मालकाच्या जोखमीवर’ छापतात त्या जागी. विम्याचा हप्ता भाड्यात वाढेल, ठाऊक आहे. कट्ट्यामागं दोन-चार रुपये आम्ही देऊ.

यंदाचं सोयाबीन ऑक्टोबरात निघेल. त्याआधी राज्यांना कळवा.

आपला,
रिसोड तालुक्यातला एक सोयाबीन उत्पादक