मन्याच्या एमआरआयबद्दल

सुमे,

इकडे सगळे बरे, सासूबाईंचे गुडघे तसेच. मुद्द्याचं सांगते. मन्याला होस्टेलवर फिट आली. आधी डावा हात उडायला लागला, मग शुद्धच गेली. एमआरआयमध्ये उजव्या फ्रंटल लोबमध्ये, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागात, 11 मिमीची 'रिंग एन्हान्सिंग लीजन' निघाली, कडेने पांढरं कडं दिसणारी गाठ. ह्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही, डॉक्टर काय म्हणतात बघू म्हणाले. मला मात्र लगेच अप्पांचा रिपोर्ट दिसला, आपण दोघींनी कॅन्टीनमध्ये बसून ओळ न् ओळ वाचलेला. म्हणून तुलाच लिहितेय, आणि तुलाच लिहायला हात धजत नव्हता.

न्यूरोवाल्या मॅडमना मी सरळच विचारलं, ग्लायोब्लास्टोमा, तो अप्पांचा मेंदूचा कॅन्सर, आहे का? त्या चमकल्याच. मग स्क्रीनवर दाखवलं त्यांनी. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन, एरवी रक्तातून मेंदूत शिरू न देणारा पडदा जिथे बिघडलाय तिथे झिरपतं आणि पांढरं दिसतं, एवढंच. अशी रिंग कॅन्सरची असते, पूची असते, टीबीची असते, जंताचीही असते. अप्पांची कड जाड, वेडीवाकडी होती, मधला भाग सडलेला, मेंदू एका बाजूला सरकलेला. मन्याची पातळ, गोल, आणि आत एका कडेला ठिपका. ते जंताचं डोकं म्हणे! न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे मेंदूत डुकराच्या जंताची गाठ.

आता डुकराचा जंत म्हटल्यावर आमच्याकडे काय झालं असेल बघ. माळकरी बाईच्या नातवाच्या डोक्यात डुक्कर! सासूबाई रोज मन्याला विचारतात, खरं सांग, पुण्यात काय खाल्लंस. त्यांना कितीदा सांगितलं की कच्चं राहिलेलं डुकराचं मांस खाल्लं तर पट्टकृमी आतड्यात होतो, डोक्यात जायला त्याची अंडी पोटात जावी लागतात आणि ती कुणाच्याही न धुतलेल्या हातातून नाहीतर घाण पाण्यावरच्या भाजीतून येतात, शाकाहारी असलं म्हणून काही सुटका नाही. भेळेवरच्या कोथिंबिरीवरून आपली भांडणं आठवतात? लगेच फुशारू नकोस, मेसची कोशिंबीरही असू शकते, आणि अंडी पोटात जाऊन कित्येक वर्षंही झाली असतील. ते भांडण तू जिंकलेली नाहीस.

तो जंत जिवंत असतो तोवर शरीराला पत्ता लागू देत नाही, मरायला लागला की सूज येते आणि फिट. म्हणजे मन्याला फिट आली ती तो मरतोय म्हणून, आणि आपण ह्यात बरं मानायचं! डोळे तपासून अल्बेंडाझोल सुरू केलंय, सोबत स्टेरॉइड, कारण औषधाने जंत मेला तरी सूज वाढतेच. फिटच्या गोळ्या वेगळ्या.

तू म्हणशील बायोप्सी करा ना. मीही तेच म्हणाले. तर वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी 1993 साली गाठ जंताची की टीबीची हे ओळखायचे निकष दिलेत, 20 मिमीपेक्षा लहान, मेंदू सरकलेला नाही, हातापायातली ताकद शाबूत, मग बहुधा जंतच. त्याआधी आपल्याकडे अशा कितीतरी पोरांना टीबी समजून महिनोन्महिने गोळ्या द्यायचे. पटतं गं सगळं. पण रिपोर्टच्या शेवटी रेडिओलॉजिस्टने 'निओप्लाझम टु बी रूल्ड आउट', म्हणजे ट्यूमर नाही ना याची खात्री करा, असंही ठोकून ठेवलंय, आणि रात्री ती एकच ओळ दिसते. 3 महिन्यांनी परत स्कॅन. रिंग लहान झाली किंवा गेली तर सुटलो. वाढली तर काय, ते मॅडम बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. अप्पांच्या वेळी तू सगळं विचारायचीस, सगळं लिहून घ्यायचीस, मला तेव्हा राग यायचा तुझा, इतकी कोरडी कशी राहू शकते ही. स्कॅनच्या वेळी तू येशील का? हे येतील, पण हे डॉक्टरसमोर नुसती मान हलवतात.

तुझ्या बदलीचं काय झालं? पिंकीला दहावीबद्दल शाबासकी सांग, पैसे पाठवते.

आणि हो, मन्याला फोन कर. सध्या गाडी चालवायची नाही असं बजावलंय त्याला, तर साहेब म्हणतात कोपऱ्यापर्यंतच जातो. किल्ली मी पिठाच्या डब्यात ठेवलीय, पण तो शोधणार. तुझं ऐकतो तो.

शुभा