मध्यम लहरी बंद करण्याची घाई नको

मा. संपादक,

स. न. वि. वि.

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे उद्घाटन झाले आणि आपल्या देशात नियमित नभोवाणी सुरू झाली. त्या घटनेला २३ जुलै २०२७ रोजी शंभर वर्षे पूर्ण होतील. त्या निमित्ताने समारंभ होतील, जुन्या निवेदकांचे सत्कार होतील, आणि ते व्हायलाच हवेत. परंतु ज्या मध्यम लहरींवरून (मीडियम वेव्ह) नभोवाणी खेड्यापाड्यांत पोहोचली, त्यांचे प्रक्षेपक गेल्या काही वर्षांत देशभर टप्प्याटप्प्याने बंद केले जात आहेत आणि ‘आता सगळे मोबाइलवर ऐकता येते’ एवढ्या एका वाक्यावर त्याचे समर्थन होते. म्हणून कोकण किनाऱ्यावरच्या एका जुन्या श्रोत्याचे म्हणणे आपल्या दैनिकातून संबंधितांपर्यंत पोहोचावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

इंटरनेटवरील प्रसारणाला माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. माझी मुलगी कॅनडात राहते. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या सुरू होतात, तेव्हा उन्हाळ्याच्या दिवसांत तिच्याकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजून गेलेले असतात. भांडी आवरता आवरता ती त्या बातम्या ‘न्यूज ऑन एअर’ या अ‍ॅपवर ऐकते, आणि तिकडे जन्मलेल्या माझ्या नातवाच्या कानावर रोज दहा मिनिटे स्वच्छ मराठी पडते. आकाशवाणीच्या दोनशेहून अधिक वाहिन्या आज या मार्गाने जगात कुठेही ऐकता येतात. एकेकाळी वेळ चुकली की कार्यक्रम गेला, तो गेलाच; आता जुन्या मुलाखती, कीर्तने, नभोनाट्ये कुणी जपून इंटरनेटवर ठेवली, तर ती केव्हाही ऐकता येतात. हा लाभ लहान नाही, आणि परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाला तर त्याचे मोल विचारायलाच नको.

प्रश्न एवढाच आहे की या नव्या सोयीला जुन्याची जागा घेता येते का. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले आणि आमच्या दापोली-मंडणगड भागालाही त्याने झोडपले. दुपारपर्यंत वाडीतल्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब रस्त्यावर पडले, आणि त्याच दिवशी मोबाइलही मुका झाला. वीज यायला पुढे कित्येक दिवस लागले. संध्याकाळी मी जुना दोन बँडचा ट्रान्झिस्टर काढला, त्यात दोन जाड सेल घातले आणि पडवीच्या कठड्यावर ठेवला. मध्यम लहरींचा एरियल संचाच्या पोटात असतो, त्यामुळे नुसती सुई फिरवून भागत नाही, सगळा संच हळूहळू वळवावा लागतो. तो वायव्येकडे थोडा तिरका झाला आणि मराठी बातम्या लागल्या. गेल्या काही वर्षांत एलईडी दिवे आणि चार्जर यांच्या खरखरीमुळे त्या बँडवर नीट काही ऐकूच येत नसे. त्या संध्याकाळी गावात वीजच नसल्याने खरखर नव्हती आणि आवाज इतका स्वच्छ आला की पडवीत जमलेली वीस-पंचवीस माणसे एकदम गप्प झाली. टाळेबंदीचे दिवस होते, मुंबईत अडकलेल्या मुलांची काळजी प्रत्येकाला होती, आणि बाहेरच्या जगाची खबर देणारे आमच्याकडे तेवढे एकच साधन उरले होते.

हे घडले ते केवळ नशिबाने नव्हे. मध्यम लहरींची लांबी शेकडो मीटर असते. त्या जमिनीला धरून, डोंगराला वळसा घालून जातात आणि खाऱ्या पाण्यावरून तर जमिनीपेक्षाही लांब पोहोचतात. एफएमची लहर जेमतेम तीन मीटरची, ती जवळजवळ सरळ रेषेत चालते आणि डोंगर आडवा आला की थांबते. २८ एप्रिल २०२३ रोजी देशात १०० वॅटचे ९१ एफएम प्रक्षेपक एकाच वेळी सुरू झाले, त्याचे स्वागतच आहे. पण एवढ्या ताकदीचा प्रक्षेपक सपाट मुलखातसुद्धा पंधरा-वीस किलोमीटरपलीकडे फारसा उपयोगी पडत नाही. एक दरी उतरून दुसरा घाट चढावा, अशा सह्याद्रीच्या पायथ्याच्या वस्त्यांत त्याचे काय होत असेल, ते इथे एकदा फिरून पाहिले तरी समजेल.

समुद्रावरची गोष्ट तर याहून वेगळी आहे. आमच्या शेजारचे तांडेल, म्हणजे मच्छीमार नौकेचे प्रमुख, सांगतात की पंचवीस-तीस वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) खोल पाण्यात गेले की मोबाइल नुसता घड्याळ पाहण्यापुरता उरतो. मोठ्या नौकांवर वायरलेस संच असतात, हे खरे. लहान होडीवरच्या चार खलाशांकडे मात्र रेडिओच असतो, आणि मच्छीमारांसाठी हवामान खात्याने दिलेला इशारा त्यांना त्यावरच ऐकायला मिळतो. ११ नोव्हेंबर २००९ चे फयान वादळ किनाऱ्यावरची माणसे अजून विसरलेली नाहीत. त्या वादळात या पट्ट्यातल्या अनेक घरांतली कर्ती माणसे समुद्रावरून परत आलीच नाहीत. अशा ठिकाणी एखादा प्रक्षेपक जुना झाला म्हणून बंद करणे म्हणजे दीपगृहाचा दिवा जुना झाला म्हणून विझवण्यासारखे आहे, असे मला मनापासून वाटते.

दोन्ही माध्यमांच्या कामाची रीतच वेगळी आहे, हेही समजून घ्यायला हवे. रेडिओचा प्रक्षेपक एकदा सुरू झाला की त्याच्या टप्प्यातला एक माणूस ऐकतो की दहा लाख, याने त्याच्या खर्चात काही फरक पडत नाही. इंटरनेटवर मात्र प्रत्येक श्रोत्याला वेगळा प्रवाह द्यावा लागतो, म्हणजे श्रोते वाढले की सर्व्हरवरचा भार वाढतो. आणि श्रोत्याच्या बाजूने म्हणाल, तर बऱ्यापैकी आवाजासाठी तासाला सुमारे २९ एमबी डेटा खर्च होतो. शहरात हा खर्च कुणाच्या लक्षातही येत नाही. परंतु दिवसभर चुलीजवळ रेडिओ लावून बसणाऱ्या म्हाताऱ्या बाईसाठी आधी स्मार्टफोन, मग रिचार्ज, मग रेंज असे तीन उंबरठे ओलांडणे सोपे नाही. आमच्या घरी रेडिओवरच्या वेळेच्या टोल्यांवर घड्याळ लावण्याची पद्धत होती. आता तेच टोले अ‍ॅपवर अर्ध्या मिनिटाच्या उशिराने ऐकू येतात. बातम्यांना अर्धे मिनिट म्हणजे काहीच नाही, पण जे ‘थेट’ म्हणून ऐकतो ते थेट नसते, हे यातून कळते.

आणखी एक गोष्ट मला अधिक काळजीची वाटते. अ‍ॅपवर ऐकणाऱ्याची नोंद आपोआप होते; कुणी, केव्हा, किती वेळ ऐकले याचा आकडा कार्यालयात दिसतो. मध्यम लहरींवर ऐकणारा असा कुठलाही माग ठेवत नाही. पूर्वी तो पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर आपली पसंती कळवत असे आणि पत्रोत्तराच्या कार्यक्रमात नाव वाचले की गावभर सांगत असे. आता तीही पत्रे आटली आहेत. मग जो मोजता येतो तोच श्रोता, आणि जो मोजता येत नाही तो नाहीच, असे धरून निर्णय घेतले जातात. तांडेल, गुराखी, आंब्याच्या बागेतला राखणदार यांची गणती कोणत्याच तक्त्यात होत नाही.

जुन्याचे आधुनिकीकरण करायचे तर त्याचाही अनुभव आपल्यापाशी आहे. मध्यम लहरींवरच डिजिटल प्रसारण करणारी डीआरएम पद्धत आकाशवाणीने स्वीकारली, त्यासाठी अनेक ठिकाणी नवे प्रक्षेपक बसवले, पण ते ऐकण्याचे स्वस्त संच बाजारात आलेच नाहीत आणि सामान्य श्रोता त्यापासून दूरच राहिला. प्रक्षेपण आधी आणि संच मागाहून, हा क्रम पुन्हा होऊ नये. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने मोबाइल कंपन्यांना संचातील एफएमची सोय बंद न करण्याची सूचना दिली होती. डेटा न वापरता ऐकता येणारी ही सोय प्रत्येक नव्या फोनमध्ये असेल, हे त्या सूचनेवर न थांबता नियमाने पाहिले गेले पाहिजे.

केंद्रांवर तयार होणाऱ्या कार्यक्रमांविषयीही लिहिणे भाग आहे, कारण दोन्ही प्रश्न एकच आहेत. पूर्वी शेतीच्या कार्यक्रमात दापोलीच्या कृषी विद्यापीठातले शास्त्रज्ञ येऊन आंब्यावरच्या तुडतुड्यांसाठी दुसरी फवारणी केव्हा करावी, या वर्षी मोहोर उशिरा आल्यामुळे काय बदल करावा, असे नेमके सांगत. इंटरनेटवर तुडतुड्यांवरच्या शेकडो चित्रफिती सापडतील, पण या आठवड्याच्या, या हवेच्या, या जांभ्या जमिनीवरच्या बागेसाठी बोलणारा माणूस तिथे सापडेल असे नाही. सहक्षेपणाचे, म्हणजे दुसऱ्या केंद्राचे कार्यक्रम तसेच लावण्याचे, तास वाढत गेले आणि नैमित्तिक निवेदकांना कामच उरले नाही, तर अ‍ॅपवरून जगभर पोहोचवायला आपल्या केंद्रांकडे स्वतःचे असे काय राहील? नमन, दशावतार, जाखडी या कोकणातल्या लोककलांची जुनी ध्वनिमुद्रणे टेपवर झिजत पडण्याआधी डिजिटल करून लोकांना खुली करावीत. इंटरनेटचा खरा उपयोग तिथे आहे.

म्हणून विनंती आहे की किनारपट्टीवरचे आणि डोंगराळ भागातले मध्यम लहरींचे प्रक्षेपक, त्यांच्या टप्प्यातल्या गावांत आणि समुद्रात प्रत्यक्ष चाचणी घेऊन, सेलवर चालणाऱ्या साध्या संचाची जागा घेणारे दुसरे साधन तिथे पोहोचले आहे याची खात्री पटेपर्यंत बंद करू नयेत. आणि जे बंद करायचेच असतील, त्यांची सूचना तिथल्या ग्रामपंचायतींना आणि मच्छीमार सोसायट्यांना निदान सहा महिने आधी द्यावी. आमच्या भागात ऐकू येणारे एक केंद्र गेल्या पावसाळ्यात काही दिवस लागत नव्हते; ते कायमचे गेले की बिघडले, हे कळायला आम्हाला तीन आठवडे लागले.

आपल्यालाही एक विनंती आहे. पूर्वी बहुतेक मराठी दैनिकांत आकाशवाणीच्या दिवसभराच्या कार्यक्रमांचा तक्ता येत असे आणि आम्ही त्यातली नभोनाट्ये लाल पेन्सिलीने खुणावून ठेवत असू. आपण तो तक्ता, केंद्राच्या नावासमोर किलोहर्ट्झचा आकडा देऊन, रविवारच्या अंकात जरी पुन्हा सुरू केलात, तरी इथल्या पुष्कळ घरांत तो कापून भिंतीला लावला जाईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
हर्णै परिसर, ता. दापोली, जि. रत्नागिरी