बेडूक, कठडा आणि तुझं नवं घर

वसई, १२ जानेवारी

प्रिय बाळा,

सिंगापूरहून तुझा मेसेज येऊन आठ दिवस झाले. ‘पपा, सासूबाई फेंगशुईवाल्याला घर दाखवायचं म्हणतायत. आपल्यात चालतं का?’ एवढंच विचारलंस. मी दोनदा मोबाइलवर उत्तर लिहिलं आणि दोन्ही वेळा पुसून टाकलं. ‘चालत नाही’ म्हटलं असतं तर तू विहीणबाईंशी भांडून बसला असतास, आणि ‘चालतं’ म्हटलं असतं तर तुझ्या आईनं मला रात्री जेवायला वाढलं नसतं. शेवटी कागद घेतला. लांबलं तर वाच, नाहीतर सूनबाईला वाचून दाखव, तिला तेवढंच मराठी कानावर पडेल.

आधी माझं कबूल करतो. तुला ते अर्धवटच माहीत आहे.

२००३ साली कंपनी बंद पडली तेव्हा तू सात वर्षांचा होतास. पी.एफ.चे पैसे हातात, काम नाही, आणि सकाळी डबा घेऊन जायचं ठिकाण नाही. त्या दिवसांत स्टेशनबाहेरच्या प्रत्येक गिफ्टच्या दुकानात हसरा बुद्ध, लाल रिबिनीत बांधलेली तीन नाणी आणि विंडचाइम लटकलेली असायची. कंपनीतला एक सोबती एका सल्लागाराला घरी घेऊन आला. त्या गृहस्थानं एकाच पिशवीतून होकायंत्र, वास्तूचे तांब्याचे पिरॅमिड आणि फेंगशुईचा बेडूक काढला, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. ओट्यावर उभं राहून तो म्हणाला, ‘दार दक्षिणेला आहे, लक्ष्मी इथून आत यायची नाही.’ ख्रिस्ती माणसाच्या घरात लक्ष्मी कशाला येईल, असं मी विचारलं नाही. नोकरी गेलेला माणूस असले प्रश्न विचारत नाही.

दक्षिणेचं दार बुजवलं. पूर्वेची खिडकी फोडून तिथं दार काढलं. गवंडी, सुतार, रंग आणि त्याची फी मिळून ३२ हजार गेले. गच्चीच्या जिन्याला कठडा लावायचा होता, तो ‘पुढच्या महिन्यात बघू’वर गेला. पुढच्याच महिन्यात तू त्या जिन्यावरून पडलास. तुझा डावा कोपर अजून पूर्ण सरळ होत नाही, तो त्यामुळे. तू मस्ती करत होतास असं आम्ही सगळ्यांना सांगत आलो. मस्ती तू करतच होतास. सात वर्षांचं पोर दुसरं काय करणार?

आणि तो बेडूक. तीन पायांचा, तोंडात नाणं धरलेला. तो मी पवित्र हृदयाच्या तसबिरीमागे ठेवला होता. उघड ठेवायची लाज, टाकून द्यायची भीती. नाताळची साफसफाई करताना तुझ्या आईच्या हाताला लागला. तिनं तो पदरानं पुसला, माझ्यासमोर धरला आणि विचारलं, ‘हे कुठले नवीन संत?’

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो तसं. पहिलाच धक्का असा बसला की चिनी फेंगशुईत दक्षिणेकडे तोंड असलेलं घर सगळ्यांत चांगलं. बीजिंगचा बादशहाचा राजवाडा दक्षिणमुखी आहे. म्हणजे ज्या दारासाठी मी ३२ हजार घालवले, ते त्या बेडकाच्या मुलखात लोकांनी कौतुकानं बघितलं असतं.

फेंगशुई या शब्दाचा अर्थ वारा आणि पाणी, एवढाच. आणि त्याचं मूळ घरात नाही, स्मशानात आहे. चौथ्या शतकात होऊन गेलेल्या ग्वो पू या माणसाच्या नावावर दफनविधीचा एक जुना ग्रंथ सांगतात. त्यात म्हटलंय की ‘ची’ ही जीवशक्ती वाऱ्यावर उधळली जाते आणि पाण्याशी अडते. पूर्वजाला योग्य जागी पुरलं की वंशजांची भरभराट होते, अशी ती कल्पना. पाठीशी डोंगर, पुढे पाणी, तोंड उन्हाकडे, ही घराची जागाही त्याच हिशेबातली. उत्तरेकडून बर्फाळ वारे येणाऱ्या मुलखात हे शहाणपणाचंच आहे. आपल्याकडच्या जुन्या माणसांनी ओटा कुठे, विहीर कुठे, बावखल म्हणजे वाडीतलं तळं कुठे, हे असंच वारा आणि उतार पाहून ठरवलं. त्याला कुणी पाप म्हणत नाही.

पण तुझं सिंगापूर विषुववृत्ताला चिकटलेलं. तिथं उत्तरेचा बर्फाळ वारा कुठून यायचा? तिथं बघायचं ते एकच, दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन बेडरूमच्या भिंतीवर येतं का. गेल्या वर्षी आपण सनटेक सिटीच्या कारंज्याला गेलो होतो, आठवतं? पाच टॉवर म्हणजे हाताची पाच बोटं, मधलं कारंजं म्हणजे तळहात, पैसा तळहातात राहावा म्हणून. माणसं पाण्याला हात लावून फेऱ्या मारत होती. पाण्यात मीही हात घातला, तुझ्या आईनं डोळे वटारले. अरे, उकाडा होता!

आता आपल्या श्रद्धेत ते बसतं का, ते. व्हॅटिकननं फेब्रुवारी २००३ मध्ये ‘न्यू एज’ विचारांवर एक दस्तऐवज काढला. त्याच्या शेवटच्या शब्दसूचीत फेंगशुईचं नाव घेऊन तिला गूढविद्येत बसवलंय. माझी नोकरी गेली तेच साल, पण तेव्हा मला पत्ता नव्हता. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात परिच्छेद २११६ मध्ये पत्रिका, हस्तरेषा, शकुन यांच्या मागे लागणं नाकारलंय, आणि त्यापुढच्याच परिच्छेदात ताईत-गंडे. तेव्हा कागदावरचं उत्तर सरळ आहे. पलंग खिडकीपासून हलवणं हा घर लावण्याचा भाग झाला. तुझी जन्मतारीख घेऊन तुझी ‘चांगली’ दिशा काढणं आणि दारावर अष्टकोनी बाग्वा आरसा लावून वाईट शक्ती परतवणं, हा शकुनाचा भाग झाला. फेंगशुईवाला या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगतो, म्हणून ऐकणाऱ्याला फरक कळत नाही.

इटलीचा जेझुइट धर्मगुरू मत्तेओ रिची १५८२ मध्ये मकावला उतरला आणि १६०१ मध्ये बीजिंगला पोचला. चिनी रेशमी झगा घालायचा, त्यांचे ग्रंथ त्यांच्याच भाषेत वाचायचा. पूर्वजांना धूप दाखवणं त्याला खटकलं नाही. तो म्हणायचा, हा आईबापांचा मान आहे. पण फेंगशुईची त्यानं खिल्ली उडवली. दार या बाजूला उघडलं की त्या बाजूला, एका छपरापेक्षा दुसरं उंच, एवढ्यावर घराण्याचं बरंवाईट कसं ठरेल, असा त्याचा सवाल होता. एवढा चीनवेडा माणूस, पण ही रेघ त्याला स्पष्ट दिसत होती.

पुढे रोमला ती दिसेना. पूर्वजांचा मान आणि मूर्तिपूजा यांत गल्लत होते म्हणून पोपनी १७४२ मध्ये ते सगळे विधी कायमचे बंद केले, आणि १९३९ मध्ये दुसऱ्या पोपनी त्यांतले बरेचसे पुन्हा मोकळे केले. मधल्या दोनशे वर्षांत किती चिनी ख्रिस्ती मुलं आपल्या बापाच्या मृत्यूनंतर मान झुकवायची की नाही या पेचात पडली असतील, सांग. म्हणून माझं ऐक. विहीणबाई चिंगमिंगला, म्हणजे चिन्यांच्या पूर्वजांच्या सणाला, कबरी साफ करायला जातात तेव्हा झाडू घेऊन तू त्यांच्याबरोबर जा. आपण २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, काय करतो? गवत उपटतो, मेणबत्त्या लावतो, झेंडू वाहतो. त्यांना ते बघितल्याबरोबर कळेल.

आणि मिशनरींनीही सगळं शहाणपणानं केलं असं नाही. चीनमधल्या फूजौ शहरातल्या वूशीशान टेकडीवर १८७८ मध्ये इंग्रज मिशनची नवी इमारत लोकांनी जाळली. टेकडीची फेंगशुई बिघडली, ही त्यांची तक्रार होती. मला ते वाचून वाटलं, फेंगशुई राहू दे बाजूला. आपल्या गावच्या टेकडीवर परका माणूस येऊन आपल्या डोक्यावर इमारत उभी करतो म्हटल्यावर आपली वाडी गप्प बसली असती का? माणसं कधीकधी राग सांगायला दिशांची भाषा वापरतात. तुझ्या सासूबाईंचंही तसंच काही असेल. मुलगी परमुलखातल्या, परधर्मातल्या मुलाच्या घरात चाललीय, घराच्या नंबरात चार हा आकडा दोनदा आहे, आणि तो चिनी कानाला मरणासारखा ऐकू येतो. त्यांना भीती वाटते आणि ती सांगायला त्यांच्याकडे हेच शब्द आहेत. सूनबाई चर्चला जाते म्हणून तिच्या आईची भीती जात नाही.

बायबलात संत पौलानं करिंथच्या लोकांना मूर्तीपुढच्या मांसाबद्दल लिहिलंय ते काढून वाच, पहिलं पत्र, अध्याय ८ आणि १०. कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, खोदून विचारू नकोस. पण समोरचा म्हणाला की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर त्याच्यासाठी खाऊ नकोस. मी याचा असा अर्थ लावतो: सासूबाईंनी सोफा फिरवला तर फिरवलेल्या सोफ्यावर बस. चहा पी. त्या म्हणाल्या की हा आरसा घराचं रक्षण करतो, तर हात जोडून सांग, आई, आमचं रक्षण करणारा वेगळा आहे, हा आम्ही नाही लावणार. फेंगशुईवाल्याला तू बोलावू नकोस, पैसे देऊ नकोस. त्यांनी आपल्या पैशानं आणलाच तर त्याला पाणी विचार आणि त्याची यादी त्यांच्याच हातात राहू दे. दारात उभा राहून त्याला बायबल ऐकवू नकोस, तो त्याच्या पोटासाठी आलाय.

यावर तुझी आई म्हणते मी फार सैल सोडतोय. असेल. पण तिलाही मी विचारलं, बाटलीतलं आशीर्वादित पाणी आपण गाडीत का ठेवतो? प्रार्थना म्हणून, की आरशासारखंच? घर विकलं जावं म्हणून संत जोसेफची मूर्ती उलटी पुरणारे ख्रिस्ती जगात आहेत. आपल्याच वाडीत हँडलला क्रूस अडकवून हेल्मेट घरी ठेवणारी किती पोरं आहेत, मोज. मोशेनं केलेला पितळी साप देवाच्याच आज्ञेनं केलेला होता, तरी लोक त्याला धूप जाळायला लागले तेव्हा हिज्कीया राजानं त्याचे तुकडे केले. बायबलातलं ‘दुसरा राजे’ हे पुस्तक, अध्याय १८. म्हणजे पवित्र वस्तूचाही बेडूक होतो. तुझ्या आईनं यावर उत्तर दिलं नाही, पण काल गाडीतली बाटली अल्तारावर आली.

घराच्या आशीर्वादासाठी तिथल्या फादरना बोलाव, सासूबाईंनाही बोलाव, आणि जेवण त्यांना आवडेल ते कर. तुझा मावसभाऊ पुढच्या आठवड्यात येतोय. त्याच्याबरोबर झावळ्यांच्या रविवारचा क्रूस आणि सुकेळी पाठवतोय. क्रूस वाळलाय, जपून काढ. कुठल्या भिंतीवर लावायचा म्हणून मला फोन करू नकोस, जिथं आधीचा खिळा असेल तिथं लाव.

नव्या घराबद्दल नियमशास्त्रात मला एकच थेट सूचना सापडली. बायबलातलं ‘अनुवाद’ हे पुस्तक, अध्याय २२, ओवी ८: नवं घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, कुणी वरून पडलं तर त्याचं रक्त तुझ्या घरावर येईल. दाराचं तोंड कुठे हवं ते तिथं लिहिलेलं नाही. मी ती ओवी २००३ च्या नाताळात वाचली, तुझ्या हाताचं प्लॅस्टर निघाल्यावर.

तुमचं घर बाराव्या मजल्यावर आहे. मे महिन्यात बाळ येईल, वर्षभरात ते धरून उभं राहायला लागेल. खिडक्यांना जाळ्या बसवल्यास का? किती खर्च येतो ते कळव, अर्धे पैसे मी पाठवतो.

तुझे,
पपा